सेवाभाव आहे तिथेच आहे, सिस्टर कमी आहेत

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "आजकालच्या सिस्टर्समध्ये सेवाभाव म्हणून उरलेला नाही. पगार घेतात आणि मोबाईल बघत बसतात." त्यांच्या साडूंची सलाईन संपली तरी रात्री बराच वेळ कोणी फिरकलं नाही, त्यावरून हे. खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर लिहायला घेतलं, पण तिथे काही बोललं की लगेच "जाऊ द्या ना ताई" सुरू होतं. म्हणून इथे लिहिते.

काका, त्या मजल्यावर त्या रात्री किती सिस्टर होत्या, हे कोणी विचारलं का हो?

माझी आई खुब्याचं हाड मोडून ॲडमिट होती, तेव्हाचं सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, इंदुरात सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे. नाईटला धारकडची एक मुलगी असायची. जेमतेम पंचविशीची, बारीक अंगाची. दर दोन तासांनी यायची, आईच्या कानाशी वाकून म्हणायची, "अम्मा, करवट लेना है, मेरे गले में हाथ डालो." दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटरीखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे टाच गादीला टेकायला नको. कमरेखाली हात घालून कातडी लाल झाली आहे का ते बघायची. एका रात्री आई चादरीचे धागे ओढत होती आणि मला माझ्या आत्याच्या नावाने हाका मारत होती. आम्ही म्हटलं, वय झालं, भूल दिलेली आहे, होणारच. ती मुलगी थांबली. "दिन में भी ऐसे बोल रही थीं?" नाही म्हटल्यावर तिने लगेच आरएमओला, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला, उठवून आणलं, रक्त तपासायला पाठवलं. रक्तातलं सोडियम चांगलंच खाली गेलेलं, म्हणून ती बडबड. डॉक्टरांचा राउंड सकाळी दहाला. तोवर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

आता तीच मुलगी, तोच वॉर्ड, पण दुसरी रात्र. जोडीची सिस्टर आली नव्हती. बदली कोणी पाठवलं नाही. दोन नवीन ॲडमिशन, एक ऑपरेशन होऊन आलेला पेशंट, आणि अख्खा मजला तिच्या एकटीवर. आईला बेडपॅन हवं होतं. बेल दाबली, पुन्हा दाबली. ती पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आई जन्मभर टापटिपीची बाई, भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. दादाचा आवाज चढला. माझं लक्ष त्या मुलीच्या हाताकडे गेलं. डाव्या तळहातावर बॉलपेनने आकडे लिहिलेले, बेड नंबर आणि समोर बीपी, मनगटापर्यंत. फाइलपर्यंत जायलाही तिला सवड मिळाली नव्हती. तिने काही उत्तर दिलं नाही. चादर बदलली, आईचं अंग पुसलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पळाली.

काका, सांगा, पहिल्या रात्री तिच्यात सेवाभाव होता आणि दुसऱ्या रात्री आटला?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष काही कालचे नाहीत. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला 3 पेशंटमागे 1 सिस्टर, इतर हॉस्पिटलांत 5 मागे 1, आयसीयूत एकास एक. वाचून हसू येतं की नाही? तुमच्यापैकी ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी विचारून बघा. तिथे साध्या वॉर्डातही एका नर्सकडे पाचच्या वर पेशंट देता येत नाहीत, कायदाच आहे तसा. आपल्याकडे निकष कागदावर आणि सिस्टर धावपळीत.

हो, उद्धट सिस्टरही असतात. मलाही भेटल्या आहेत. पुढे चला.

आणि काही बिघडलं की मान कोणाची? 2025 च्या ऑगस्टअखेर एमवायमध्ये, आपल्या इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, नवजात बाळांना उंदीर चावले, दोन बाळं गेली. स्वच्छतेचा पहिला नंबर वर्षानुवर्षं मिरवणारं आपलं शहर, सगळ्या देशासमोर मान खाली गेली. आणि पहिल्या झटक्यात निलंबित कोण झालं? नर्सिंग ऑफिसर, म्हणजे सिस्टरच. त्यांनी लक्ष ठेवायला हवं होतं, लगेच वर कळवायला हवं होतं, मान्य. पण उंदीर मारायचं कंत्राट काय त्यांच्याकडे होतं? इमारतीची बिळं त्यांनी बुजवायची होती? सगळ्यात आधी तोच हात सापडतो, कारण चोवीस तास पेशंटजवळ तोच असतो.

मुळात त्या तिथवर पोचतात तरी कशा, ते बघा. आपल्या मध्य प्रदेशात कागदावरची नर्सिंग कॉलेजं निघाली. हायकोर्टाने सीबीआय चौकशी लावली, तर 2024 मध्ये तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना लाचेपायी अटक झाली. इकडे परीक्षा रखडल्या आणि खेड्यापाड्यातून फी भरून आलेल्या मुली वर्षं मोजत बसल्या. त्यातून पार पडून नोकरी लागली तर पगाराची ही तऱ्हा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्येच सांगितलं आहे की 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, आणि अगदी 50 च्या आत असल्या तरी 20,000 च्या खाली जाऊ नका. केरळातल्या नर्सेस भांडल्या आणि 2018 मध्ये किमान वेतन पदरात पाडून घेतलं. तुमच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये सहज विचारा काय देतात. आकडा ऐकून गप्प बसाल.

आता जरा शांत होऊन लिहिते, कारण राग फक्त पगाराचा नाही.

टाके काढायला आईला नेलं तेव्हा वॉर्डात ती दिसली नाही. खाली इन्शुरन्सच्या खिडकीमागे सापडली, टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या, फाइलींच्या ढिगाआड. इंग्रजी चांगलं लिहिते म्हणून तिथे बसवलं होतं. आईने आवाजावरून ओळखलं. ती बाहेर आली, खाली बसली आणि पहिलं काय केलं असेल तर आईची चप्पल काढून टाच बघितली. मग म्हणाली, तिला आयसीयूचं शिकायचं आहे, कोणी पाठवलं तर. पाठवणार कोण? जिला नुसतं बघून सोडियमचा संशय येतो, तिला कॅशलेसची मंजुरी मागायला बसवलं आहे! मला हे चोरीसारखं वाटतं. तिच्याकडून चोरलं आणि वर झोपलेल्या पेशंटांकडूनही.

माझ्या इथल्या फ्रेंड लिस्टमध्ये डॉक्टर खूप आहेत. दोन-तीन ट्रस्टीही आहेत, गणपतीत आणि नाटकांना भेटतो आपण. 12 मेला, नर्सेस डेला, तुम्ही केक कापता, गुलाब देता, फोटो टाकता. कापा केक, माझं काही म्हणणं नाही. पण ड्युटीचं रोस्टर महिनाभर आधी लावा ना, म्हणजे त्या बिचारीला स्वतःच्या भावाच्या लग्नाची रजा तरी ठरवता येईल. फाइलींना वॉर्ड क्लार्क ठेवा. मुलींची मूळ सर्टिफिकेटं कपाटात कुलूपबंद करून ठेवण्याचा प्रकार कुठे चालत असेल तर आजच्या आज बंद करा, माणसं अशी टिकत नसतात. दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरला नवी मुलगी शिकवायचं काम द्या आणि त्याचे पैसे द्या. आणि अटेंडर, म्हणजे पेशंटसोबतचा नातेवाईक, अंगावर धावून आला की तुमच्यापैकी एकाने खाली उतरून तिच्या शेजारी उभं राहा. "सिस्टर, तुम्ही सॉरी म्हणून टाका" हे किती वेळा ऐकलं आहे मी!

खर्च वाढेल म्हणाल. वाढेलच. लॉबीला इटालियन मार्बल लावताना वाढला नव्हता का?

आणि आपण सगळे, जे पेशंट घेऊन जातो. रूम घेताना एसी आहे का, अटेंडरला झोपायला जागा आहे का, कॅन्टीन किती वाजेपर्यंत, सगळं विचारतो. त्याच दमात काउंटरवर विचारा की या मजल्यावर रात्री पेशंट किती आणि सिस्टर किती. पहिल्यांदा तो माणूस तुमच्याकडे बघतच राहील. आठवड्यात दहा जणांनी विचारलं की उठून मॅनेजरकडे जाईल. जे उत्तर मिळेल ते इथे खाली लिहा, मी वाट बघते आहे.