किती झाल्या?

संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या घरात एक प्रश्न येतो. कधी मोरीतून येतो, कधी गच्चीवरून वाळत घातलेले कपडे काढता काढता येतो, आणि एकदा तर समोरच्यांच्या ओसरीवरून गल्ली ओलांडून आला होता.

"अहो, किती झाल्या?"

प्रश्न कुकरच्या शिट्ट्यांचा. तो मलाच, कारण त्या वेळी मी रिकामा बसलेला असतो. रिकामा म्हणजे बायकोच्या हिशेबाने. माझ्या हिशेबाने मी विचार करत असतो. अठ्ठावीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेल्या माणसाला घरी येऊन आणखी काही मोजावंसं वाटत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही. मी अंदाजाने "दोन" म्हणतो. दोन हा सावध आकडा आहे. एक म्हटलं तर भाताचं खिमट होतं, तीन म्हटलं तर डाळ कच्ची राहते, आणि दोन्ही वेळा ताटावर बसून ऐकून घ्यावं लागतं ते मलाच.

मला कल्पना सुचण्याचा आजार आहे. तो लग्नाआधीपासूनचा. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना हे सांगितलं नव्हतं, तेवढी एक फसवणूक माझ्याकडून झाली. कुठंही काही अडलं, सांडलं, हरवलं की इतर माणसं वैतागतात. मला मात्र आत कुठेतरी गुदगुल्या होतात. यावर एक यंत्र हवं! यात धंदा आहे! घरातली माणसं माझा चेहरा बघून ओळखतात. आई लगेच म्हणते, "आला बघ त्याला."

आता एसटीतला रुमाल घ्या. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली पद्धत थोर आहे, पण रुमालात दम नाही. वाऱ्याने उडतो, दोन सीटच्या फटीत पडतो, कुणी चक्क बाजूला सरकवून बसतो. मी 'वजनी रुमाल' काढला. कृष्णेच्या घाटावर पोरं गळाला शिशाच्या गोळ्या लावतात, तसल्या चार गोळ्या चार कोपऱ्यांत आईकडून शिवून घेतल्या आणि मधोमध मार्करने ठळक लिहिलं : 'ही जागा भरली आहे.' एका रुमालाला खर्च तीस रुपये, विक्री साठ. सुट्टीच्या दिवसांत सांगली स्टँडवर नुसता उभा राहिलो तरी पोरीचं लग्न निघेल, असा हिशेब मी झोपेत केला होता.

पहिली चाचणी पुण्याच्या गाडीवर. गाडी फलाटाला लागायच्या आत मी पळत पळत नेम धरून फेकला. रुमाल तिसऱ्या खिडकीतून असा आत गेला म्हणता! दारात रेटारेटी करून मी त्या सीटपाशी पोचलो, तर तिथं एक आजीबाई बसलेल्या. पायाशी दोन पिशव्या, मांडीवर भडंगाचा पुडा, आणि माझ्या रुमालाने त्या चष्मा पुसत होत्या.

"आजी, हा रुमाल माझा आहे."

"आसू दे की. मी कुटं माजा म्हंती?"

"नाही, म्हणजे मी जागा धरली होती. त्यावर लिहिलंय बघा."

आजींनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, रुमाल लांब धरून एकेक अक्षर लावत वाचला, आणि मान हलवली. "भरली आहे. खरं हाय की. मी बसलीया न्हवं?" मग रुमाल हातात तोलून बघितला. "जड हाय, पर चांगला हाय. पुड्यावर टाकला तर वाऱ्यानं भडंग उडायचं न्हाय." आणि तो भडंगावर अंथरला. मी कराडपर्यंत उभा होतो. कराडला आजी उतरल्या. रुमालही उतरला.

पण उभ्याउभ्या माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आजींना रुमाल आवडला होता, म्हणजे मागणी होती. परत आल्यावर मी पेटंटची माहिती काढली. आपला पेटंटचा कायदा १९७० चा. त्यातलं तिसरं कलम कशाकशाला शोध म्हणायचं नाही याची यादी देतं, आणि त्या यादीत पहिल्याच नंबरला आहे क्षुल्लक शोध आणि निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा शोध. मी ते दोनदा वाचलं. संसदेत बसलेल्या माणसांना माझ्याबद्दल कुणी सांगितलं असेल, असं क्षणभर वाटून गेलं. असो. एकट्यादुकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी सोळाशे रुपये, आणि मिळालंच तर पेटंट वीस वर्षं चालतं. हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं.

"सोळाशेत नवा कुकर येतो," ती म्हणाली.

मी तिला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण दिलं. सांगलीत राहून हे उदाहरण न देणारा कल्पक माणूस मी पाहिलेला नाही. लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. तरी माणूस खचला नाही, आणि १९१० साली कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना आणि अख्खी किर्लोस्करवाडी उभी केली. लोक आधी हसतातच, मी म्हणालो.

"त्यांनी नांगर केला होता," ती म्हणाली. "तुम्ही जड रुमाल केलाय."

मधल्या काळात आणखी एकदोन गोष्टी झाल्या, त्या थोडक्यात सांगतो. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट लागला की इथे कुणी "कसे आहात" विचारत नाही, "आयर्विनला किती फूट?" विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा चौघांनी मिळून आमचा फ्रिज ओट्यावर चढवला होता. फ्रिज ओट्यावर उभा राहून भिजला. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की घरातलं सगळं जड सामान रहाटाला बांधून ठेवावं. पाणी वाढलं की दोर ओढायचा, कपाट छताला. नकाशा काढला, दोराचा भाव विचारून आलो. आईने नकाशा बघितला आणि म्हणाली, "डोक्यावर कपाट लोंबतंय त्या खोलीत मी झोपायची नाही. त्यापेक्षा पूर परवडला."

दुसरी गोष्ट हरिपूरची. तिथं हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. मला वाटलं, आपल्याकडे प्रत्येक घरात लग्नात आलेले सहा लेमन सेट आणि चार भिंतीवरची घड्याळं असतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. त्यांच्यासाठी पेव भाड्याने द्यायचं! श्रावणी सोमवारी संगमेश्वराला गेलो तेव्हा देवळाबाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या हळदवाल्यांना ही योजना ऐकवली. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली. "२००५ च्या पुरात पेवांत पानी शिरल्यालं मी डोळ्यानं बघितलंय. हळदीचा चिखल झाल्ता. तुमी घड्याळं ठेवा की. किती वाजता बुडाली, त्ये तरी कळंल."

हे सगळं पचवून मी पुन्हा मूळ दुखण्याकडे वळलो. किती झाल्या? या प्रश्नाचं उत्तर यंत्राने द्यायचं. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याला मिसळ कबूल केली आणि त्याने एक छोटा माइक, एक सर्किट आणि लाल आकडा दाखवणारी पट्टी असं जुळवून दिलं. आवाज झाला की आकडा एकने वाढणार. पेटी म्हणून भडंगाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, झाकणाला भोक पाडून त्यातून माइकचं तोंड बाहेर काढलं. दिसायला ते यंत्र थोडं घाबरल्यासारखं दिसायचं.

उद्घाटनाला घरचे सगळे ओट्याभोवती. पहिली शिट्टी झाली, पट्टीवर १ आला. मी बायकोकडे बघितलं. ती कोथिंबीर निवडत होती. मग आईला फोडणीचा ठसका लागून शिंक आली. २. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. ३. समोरच्यांच्या कुकरची झाली. ४. कुणीतरी बुलेट सुरू केली, आणि ५, ६, ७ असे आकडे पेट्रोल पंपावरच्यासारखे पळाले. आमच्या कुकरने दुसरी शिट्टी दिली तेव्हा यंत्राच्या मते आठ झाल्या होत्या. आई काही बोलली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तिच्या दोन वाट्या असतात. डावीकडच्या वाटीतला एक चिंचोका उचलून तिने उजवीकडच्या वाटीत टाकला. उजवीकडे दोन झाले. ही पद्धत तिने तिच्या सासूकडून घेतली आहे आणि त्यावर कुणाचं पेटंट नाही.

"मामा, याला नुसता आवाज कळतोय, शिट्टी कळत नाही," भाचा म्हणाला. "आपली कुठली आणि दुसऱ्याची कुठली, हे शिकवायला पाहिजे. वेगवेगळ्या कुकरची सॅम्पल घ्या."

तर सॅम्पलं. गावभागातल्या बोळांत दोन घरांमध्ये अंतर किती असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सातला मी समोरच्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला पाठ लावून, मोबाइल डोक्यावर उंच धरून उभा राहिलो. एक शिट्टी मिळाली. स्वच्छ होती. दुसरी मिळाली. तिसरीची वाट बघत असताना खिडकीतून त्यांच्या सूनबाईंचं तोंड बाहेर आलं, ते किंकाळून आत गेलं, आणि दारातून त्यांचे सासरे बाहेर आले. तीस वर्षांचा शेजार आहे आमचा.

"काय चाललंय हो?"

"काही नाही. शिट्टी रेकॉर्ड करतोय."

"कुणाची?"

"तुमच्या सूनबाईंची."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्यातली अडचण दिसली. ती दुरुस्त करायला मी म्हणालो, "म्हणजे मी नाही मारली. त्यांनीच मारली. दोन मारल्या. मी फक्त तिसरीची वाट बघत होतो."

बोळातली दारं एकेक करून उघडली. एरवी पाणी सुटलं तरी इतकी उघडत नाहीत. बायको पदराला हात पुसत आली, तिने सगळा प्रकार एका नजरेत ओळखला, आणि सासऱ्यांना जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "आमचे हे जरा यंत्र करतायत." एखाद्याला साखर निघाली आहे हे ज्या आवाजात सांगतात ना, अगदी त्या आवाजात. सासऱ्यांचा चेहरा एकदम निवळला. "असं होय! सांगायचं नाही का वहिनी!" जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून कुकरचा इतिहास वाचत बसलो. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये बंद झाकणाचं भांडं करून दाखवलं होतं, आणि ते फुटू नये म्हणून वाफ सोडायची झडपही त्याचीच. आत दाब वाढला की पाणी शंभराला उकळत नाही, एकशे वीसच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. आणि शिट्टी म्हणजे काय, तर जास्तीची वाफ वजन उचलून बाहेर पडते ती. तिचा शिजण्याशी तसा हिशेब नाही. गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक ठेवला तर होतही नाहीत. खरं तर दाब धरला की गॅस बारीक करून मिनिटं मोजायची. मी उठून बसलो. म्हणजे अख्खा देश चुकीची गोष्ट मोजतोय! सकाळी चहाच्या वेळी मी हे जाहीर केलं.

"बरं," बायको म्हणाली. "मग इतकी वर्षं तुम्ही काय जेवलात?"

यंत्र आता नाही. मिसळ दोनदा खाऊन भाच्याने सर्किट परत नेलं, त्याला कॉलेजात दाखवायला काहीतरी हवं होतं. डबा भडंगाकडे परत गेला. फक्त झाकणाच्या भोकामुळे भडंग सादळतं, आणि ते सादळलं की त्याचा उल्लेख होतो.

परवा संध्याकाळी मी ओट्याजवळ स्टूल टाकून बसलो होतो. कुकर लागलेला. बायको वाटण वाटत होती, कुकरकडे पाठ करून. एकाएकी तिने मागे न बघता हात लांब करून गॅस बंद केला. शिट्ट्या किती झाल्या हे तिने मोजलं नव्हतं, मीही मोजलं नव्हतं.

"कसं कळलं तुला?"

"वरणाचा वास पालटतो."

"मग मला रोज कशाला विचारतेस, किती झाल्या?"

तिने वाटण वाटीत काढलं, पाट्यावर पाणी मारलं. "तुम्ही घरात आहात का कुठं गेलाय, ते कळायला नको?"

मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या पाट्याला खालून एक छोटी मोटर बसवली तर काय होईल, हे माझ्या डोक्यात सुरू झालं होतं. वरवंटा स्थिर, पाटा मागे-पुढे. तिने भाजीचा दुसरा कुकर चढवला आणि मागच्या दारी कपडे आणायला गेली. शिट्ट्या होत होत्या.

"अहो, किती झाल्या?"

"दोन," मी म्हणालो.

ओट्यावरच्या उजव्या वाटीत चार चिंचोके होते.