‘उत्तर कळलं की काहीही जुळवता येतं’? मग जुळवून दाखवा

क्रिप्टिक, म्हणजे गूढ क्लू (सूचना) देणाऱ्या, शब्दकोड्यांची टर उडवणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. गंमत म्हणजे कोडी सोडवणारी मंडळीच तो हसत हसत पुढे ढकलताहेत. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: या कोड्यांना नियम नसतात, रचणाऱ्याच्या मनात येईल ते खरं. सोडवणारे आधी उत्तर ठोकून देतात आणि मग त्याला शोभेलसं स्पष्टीकरण जुळवतात. असं जुळवायचं म्हटलं तर कुठलंही उत्तर बरोबर ठरेल. त्यासाठी शब्दकोश पाठ असलेला मेंदू लागतो, म्हणून तर महायुद्धात असली माणसं वेचून घेतली. हा इंग्रजीचा खेळ आहे, मराठीत शक्यच नाही. आणि शेवटचा टोला असा, की समजावून सांगावा लागतो तो विनोद फसलेला, तसं समजावून सांगावं लागतं ते कोडंही फसलेलंच.

टोला झकास आहे, त्याच्याकडे येऊच. पण सगळ्यात वजनदार आरोप वेगळाच आहे: कुठलंही उत्तर जुळवता येतं, हा. तो टिकला तर बाकीच्यांवर बोलण्यात अर्थच नाही, म्हणून आधी तो.

क्रिप्टिक क्लूची घडण साधी असते. क्लूच्या एका टोकाला, म्हणजे अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरांच्या कारागिरीतून पुन्हा सांगितलेलं असतं. वाक्य मात्र असं बेमालूम जोडलेलं असतं की सांधा दिसू नये. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. हा क्लू पाहा:

नेहमी उलटा वागणारा नोकर (२)

वाचताना डोळ्यांपुढे एक हट्टी गडी उभा राहतो. तो विसरायचा. सरळ अर्थ आहे ‘नोकर’. राहिलं ‘नेहमी उलटा वागणारा’. नेहमी म्हणजे सदा. ‘सदा’ उलटा केला की ‘दास’. दास म्हणजे नोकर. संपलं.

आता मजकुराच्या म्हणण्याप्रमाणे दुसरं उत्तर बसवून दाखवू. दोन अक्षरी नोकर आणखीही आहेत. ‘गडी’ घ्या. उलटा केला तर ‘डीग’, आणि डीग म्हणजे नेहमी असं कोणी म्हणत नाही. ‘भृत्य’ घ्या, उलटून ‘त्यभृ’ येतं, त्याचं काय करायचं तुम्हीच सांगा. बरं, उलट्या बाजूने जाऊ. नेहमीसाठी ‘रोज’ धरला तर ‘जरो’ होतो, ‘नित्य’चा ‘त्यनि’, ‘कायम’चा ‘मयका’. एकही नोकर सापडत नाही. ‘काहीही जुळतं’ म्हणणाऱ्याने इथे काहीतरी जुळवावं, मी वाट पाहतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ‘सदा’ उलटला की ‘दास’ होतो हे रचणाऱ्याने घडवलेलं नाही. ते भाषेत आधीपासून पडून होतं, त्याला फक्त सापडलं. नोकरासाठी क्लू करायला बसलेल्या माणसाकडे असे योगायोग मोजकेच असतात. त्यातला एखादा अर्थाला धरून बसला तर क्लू, नाहीतर कागद चुरगाळायचा. रचणाऱ्याच्या मनमानीची तक्रार करणाऱ्यांनी एकदा क्लू रचून पाहावा. हातात किती थोडं असतं ते पहिल्याच बैठकीत कळतं.

उलट खरी मोकळीक साध्या कोड्यात असते, तिथे मात्र कोणी तक्रार करत नाही. ‘समुद्र (३)’ एवढाच क्लू असेल तर सागर, जलधी, अर्णव, उदधी, काय हवं ते लिहा. उभा शब्द सुटेपर्यंत तुमचं बरोबर की चूक हे ठरवणार कसं? आणि हा क्लू बघा: ‘वसा गरजेचा, त्याच्या पोटात समुद्र (३)’. ‘त्याच्या पोटात’ हा इशारा. व-सा-ग-र-जे-चा या अक्षरांच्या पोटात सलग काय दडलंय ते शोधायचं. सागर. अर्णव तिथे नाही, जलधीही नाही. आजूबाजूचं एकही घर भरलेलं नसताना हे उत्तर शाईने लिहिता येतं.

आधी उत्तर ठोकतात आणि मागाहून उलगडतात, हे मात्र खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक अक्षर आडव्यातून मिळालेलं असतं, ‘नोकर’वरून ‘दास’ डोक्यात चमकतो, आणि ‘सदा’ नंतर दिसतो. पण सुचलं कुठून याचा उत्तर बरोबर असण्याशी संबंध नाही. अर्थावरून सुचलेलं अक्षरांनी तपासायचं, अक्षरांवरून सुचलेलं अर्थाने तपासायचं. दोन वाटा असतात त्या यासाठीच.

एक कबुली द्यायला हवी. क्लूचा एक प्रकार असा आहे की तिथे वाट एकच असते. ‘तीन डोळे असून आंधळा (३)’ म्हणजे नारळ. इथे अक्षरांचा काही खेळ नाही, सबंध क्लू म्हणजे उत्तराचं तिरकस वर्णन. उत्तर पटतं, पण ताडून पाहायला दुसरं काही नाही. मजकुराचा आरोप अशा क्लूंना लागू पडतो. म्हणूनच जाणते रचणारे ते जपून वापरतात आणि घातलेच तर त्यांना आडव्या-उभ्यातून भरपूर अक्षरं मिळतील अशा जागी ठेवतात.

‘नियमच नाहीत’ हा आरोप शंभर वर्षांपूर्वी केला असता तर थोडाफार चालला असता. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये २१ डिसेंबर १९१३ ला छापलं, त्यात साधे अर्थच होते. क्लू पूर्णपणे गूढ करण्याची सुरुवात एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी केली; १९२६ पासून ते लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये कोडी रचत. टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, स्पेनमधल्या कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचं. त्यांची कोडी भन्नाट होती आणि शिस्त त्यांच्या मर्जीची होती. काटेकोर नियम मांडले गेले ते त्यानंतर. आफ्रिट या टोपणनावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये सूत्र मांडलं. त्याचा मथितार्थ असा, की मी बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते मी बोललेलं असलंच पाहिजे. फसवायला परवानगी आहे, खोटं बोलायला नाही. १९६६ मध्ये झिमेनीज, म्हणजे डी. एस. मॅकनट, यांनी याचं सविस्तर शास्त्रच लिहून काढलं. १९७२ मध्ये त्यांची गादी घेतलेल्या एझेड (हेही टोपणनावच) यांनी त्याचं सार तीन कलमांत सांगितलं: नेमकी व्याख्या, न्याय्य शब्दखेळ, आणि याव्यतिरिक्त काहीही नाही. (झिमेनीज हाही धर्मन्यायाधीशच, आणि एझेड म्हणजे देसा नावाच्या तिसऱ्या धर्मन्यायाधीशाचं स्पेलिंग उलटं केलेलं. छळाची परंपरा नावापुरती तरी जपलीय.)

हे नियम सगळेच काटेकोर पाळतात असं नाही. गार्डियनचे अराउकारिया, म्हणजे जॉन ग्रॅहम, बरीच सूट घेत आणि तरीही लोकांचे लाडके होते. पण सूट घेतली असं म्हणता येतं ते नियम असतात म्हणूनच.

शब्दकोश पाठ लागतो, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. सदा, दास, नोकर, वसा, गरज यातला कुठला शब्द कोशात पाहावा लागला? एझेडसारखी काही कोडी दुर्मिळ शब्दांची असतात खरी, पण ती शब्दकोश उघडा ठेवूनच सोडवायची असतात. आणि महायुद्धाचं म्हणाल, तर १९४२ च्या जानेवारीत डेली टेलिग्राफने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कच्या, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश केंद्राच्या, कामासाठी विचारणा झाली. निवड होती ती वेगाची. तेच कोडं दिवसभर पुरवून सोडवणाऱ्या हजारोंबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता मराठीचा मुद्दा. इथे माझी थोडी चिडचिड होते. शाळेच्या व्याकरणात श्लेष शिकवताना ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे उदाहरण आपण सगळ्यांनी घोकलंय. जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणी. ‘नवरी’ फोडून ‘न वरी’ केल्यावर अर्थ कसा पालटतो हेही शिकलोय. एका शब्दाचे दोन अर्थ आणि शब्द मधून तोडणं, ही क्रिप्टिक क्लूची निम्मी हत्यारं झाली. ‘देवानं दिलेला नवरामुलगा (२)’ हा क्लू त्याच श्लेषावर उभा आहे: देवानं दिलेला तो वर, आणि नवरामुलगा तोही वर.

उच्चारावरचा क्लू तर मराठीत आयता मिळतो, कारण आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो वेगळं आणि बोलताना मात्र पुष्कळदा सारखंच बोलतो. ‘ऐकलं तर मुलगा, पाहिलं तर धागा (२)’. कानाला सुत, म्हणजे मुलगा. कागदावर सूत, म्हणजे धागा. दोन शब्द जोडून तिसरा करायचा असेल तर ‘शिक्षकांमागोमाग गाडी धाडणारं शासन (४)’: सर, मागोमाग कार, सरकार.

अडचणी आहेत, आणि त्या मजकूर लिहिणाऱ्याला माहीत असत्या तर त्याचा मुद्दा जास्त पटला असता. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं होतं. आपल्याकडे चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे उलटापालट करून नवा शब्द काढणं अवघड होतं. ‘विस्कटलेलं कमल, हाती आली लेखणी (३)’ यात ‘कमल’चं ‘कलम’ झालं ते तिन्ही अक्षरं बिनमात्रेची होती म्हणून. ‘नवरा’ कितीही विस्कटला तरी त्याचा ‘वानर’ होत नाही, काना ‘रा’ला चिकटून बसतो. दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘वसा’ला प्रत्यय लावलात की ‘वशा’ होतो आणि पोटातला सागर आटतो. ज्या शब्दाच्या अक्षरांवरच खेळायचंय तो मूळ रूपात राहील असं वाक्य बेतावं लागतं, आणि रचणाऱ्याचा निम्मा वेळ त्यात जातो.

इंग्रजीत एका अक्षरासाठी डझनावारी लघुरूपं तयार असतात, दिशा, रोमन आकडे वगैरे. आपल्याकडे ती नाहीत असं म्हणतात. पण सा, रे, ग, म, प, ध, नी आहेत की! ‘पुरुषाच्या अंतरी घुमला स्वर, उभं राहिलं शहर (३)’: नर, त्याच्या आत ग, झालं नगर. सात एकाक्षरी सूर घरात असताना आपण हात हलवत बसायचं कारण नाही.

राहिला शेवटचा टोला. विनोद समजावल्यावर मरतो, कबूल. पण कोड्याच्या स्पष्टीकरणाचं काम हसवणं नसतं, हिशेब देणं असतं. चांगलं स्पष्टीकरण क्लूमधल्या प्रत्येक शब्दाला विचारतं, तुझं इथे काम काय? व्याख्या कुठली, इशारा कुठला, कच्चा माल कुठला. ‘सदा वगैरे उलटं करून दास’ हे स्पष्टीकरण नव्हे. ‘वगैरे’ आलं की समजावं, गृहस्थाला उत्तर मिळालंय पण क्लू सुटलेला नाही.

आणि या हिशेबात रचणाराही सापडतो. समजा, क्लू असा आहे: ‘गुत्त्यात “चालता हो” ऐकलं, आज पुन्हा गाठली खरेदीची जागा (३)’. उत्तर बाजार. गुत्ता म्हणजे बार, ‘चालता हो’ म्हणजे जा, आणि बारच्या आत जा, बा-जा-र. खरेदीची जागा ही व्याख्या. ‘गाठली’ने दोन्ही बाजू जोडल्या. मग ‘ऐकलं’ काय करतंय? उच्चारावरच्या क्लूचा तो ठरलेला इशारा, इथे उच्चाराचा काही संबंध नाही, म्हणजे सोडवणाऱ्याला विनाकारण भलत्या रस्त्याला लावलं. ‘आज पुन्हा’ला तर कामच नाही, वाक्य गोंडस दिसावं म्हणून भरलेलं. एझेडच्या तिसऱ्या कलमाखाली दोन्ही बाद. मी तो क्लू असा करीन: ‘गुत्त्यात “चालता हो”, म्हणून गाठली खरेदीची जागा (३)’. आता एकही शब्द रिकामा बसलेला नाही. ‘म्हणून’वर कोणाचा आक्षेप असेल तर तोही ऐकायला तयार आहे.