होमरनचं तेच तेच रडगाणं

दर सीझनला तेच! बेसबॉलमधला आमचा न्यूयॉर्क यांकीज संघ जिंकला की लोक म्हणतात ‘नुसते होमरनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्यावर) जगतात’, हरला की ‘होमरन कुठे गेले?’ अरे, एक काहीतरी ठरवा ना! 2022 मध्ये यांकीजच्या ॲरन जजने एका सीझनमध्ये 62 होमरन मारले, रॉजर मॅरिसचा 1961 पासूनचा अमेरिकन लीगचा (मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) विक्रम मोडला. तरी स्टेडियममध्ये माझ्या शेजारचा माणूस, चेंडू अजून हवेत असताना पुटपुटतो, ‘स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक खाऊन बाद होणं) किती होतात ते बघा.’ निदान चेंडू खाली तरी येऊ दे! ताशी 95 मैलांनी आलेला चेंडू ओळखून बॅट फिरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही, मग स्ट्राइकआउट होणारच! 2019 ला यांकीजने 306 होमरन मारूनही वर्ल्ड सिरीज (अंतिम फेरी) गाठली नाही, हे मलाही डाचतं. पण तेव्हा त्याआधीच्या फेरीत ॲस्ट्रोज संघाविरुद्ध बेसवर आपली माणसं (धाव पुरी करायच्या तयारीत) असताना हिट मिळाले नाहीत, त्यावर बोला की!