मातेरा, आणि दारावर नसलेली नावं

दक्षिण इटलीतल्या मातेराहून परत येऊन आठवडा झाला, पण तिथलं एक खोलीचं घर डोक्यातून जात नाही.

बारीहून छोटी रेल्वे पकडायची. दरीच्या कड्यावर मऊ दगडात कोरलेली घरं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. या वस्तीला 'सास्सी' म्हणतात. फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

व्हिको सोलितारियो या गल्लीत असं एक घर जुन्या सामानासकट दाखवायला ठेवलंय. उंच पलंग, गादीत मक्याची पानं, पलंगाखाली कोंबड्या, मागच्या बाजूला खेचर. मधे एकच मोठं ताट, सगळ्यांनी त्यातच जेवायचं. अशा घरांतल्या सुमारे 15,000 माणसांना 1952 च्या कायद्याने हलवून नव्या वसाहतींत नेलं. 'इटलीची लाज' म्हणायचे या वस्तीला.

हे शब्द मला फार लागले. ज्यांना लाज म्हटलं त्यांच्याच पूर्वजांचं काम मुख्य चौकाखाली बघायला मिळतं. पालोम्बारो लुंगो नावाचा हा हौद सुमारे 16 मीटर खोल आहे, 50 लाख लिटर पाणी मावेल एवढा. आतून खापराची भुकटी घातलेल्या चुन्याचा गिलावा, अगदी आपल्या चुना-सुरखीसारखा. घरांखालीही पावसाचं पाणी साठवायला टाकी कोरलेली. पुढे माणसं वाढली, गरिबी वाढली आणि कोरड्या टाक्यांत, गोठ्यांतही संसार थाटावे लागले. दोष त्या माणसांचा नव्हता. त्यांना तिथे पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहू देणाऱ्यांचा होता.

पावाचे लाकडी शिक्के पाहिले तेव्हा तर गलबलून आलं. पीठ घरी मळायचं, पण पाव भाजायचा गावच्या भट्टीत. कुणाचा पाव कुठला हे कळावं म्हणून त्यावर घरच्या नावाची अक्षरं उमटवायची. आपण भांड्यांवर नाव घालतो ना, तसंच. आईच्या लग्नातला तांब्या आठवला, तिच्या नावाचा आणि तारखेचा.

1993 साली सास्सी जागतिक वारसा झाली, 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी. त्याच गुहांत आता हॉटेलं आहेत. गाव वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी उतरले होते त्या खोलीत आधी कोण राहायचं, त्यांना कुठे नेलं, याची एक ओळही भिंतीवर नव्हती. विचारलं, तर कुणाला सांगता आलं नाही.

निघताना अभिप्रायाच्या वहीत तेवढंच लिहून आले: या घरातल्या माणसांची नावं शोधा आणि दारावर लावा.