सरकारी जंगलात कुऱ्हाडच नको? जरा थांबा

आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो अधूनमधून परत येत राहतो. डेपोत रचलेले सागाचे लठ्ठे आणि खाली मजकूर: सरकारच जंगलाचा जीव घेतेय, एक झाड पडले की जंगल संपलेच, गडचिरोली-चंद्रपूरच्या सरकारी जंगलातली तोड कायमची बंद करा, गावकऱ्यांच्या हाती तर जंगल मुळीच देऊ नका, आणि तोडलेच तर एकाच्या जागी दहा लावा. पाठवणारी माणसे भली आहेत, कळकळही खरी आहे. मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ मात्र चुकीची आहे.

‘एक झाड पडले की जंगल संपले.’ सागाच्या तोडलेल्या खुंटाला फुटवे येतात, हे त्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, पाडलेले असतात, पाळीपाळीने एकेका कुपात तोड होते आणि पाडायच्या झाडांवर आधी खुणा केलेल्या असतात. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे कुठे किती तोडायचे याच्या आराखड्याशिवाय, सरकारी जंगलात तोड करताच येत नाही. कागदावरचे सगळे जमिनीवर उतरते का? नाही. खूण एका झाडावर आणि आरी दुसऱ्यावर, असे होते. पण चोरी होते म्हणून पहारा वाढवायचा असतो.

जंगल खरोखर संपते ते जमिनीचा वापर बदलला की. तोडलेल्या कुपात पुढच्या पावसाळ्यात पालवी दिसते. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या ३४८ हेक्टरांच्या लोहखनिज खाणपट्ट्यात डोंगरच उचलला जातो, तिथे फुटवा कशाला येणार? लठ्ठ्यांचा फोटो फिरवणाऱ्यांनी खाणीचा फोटो पाठवल्याचे मला तरी आठवत नाही.

आणि हो, मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान रवाना झाले, तेव्हा याच गटावर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती. ते सागवानही याच जंगलांतले, पाडूनच आणलेले.

‘तोड कायमची बंद करा.’ थायलंडने हे करून पाहिले. १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिणेत पूर आला, उघड्या डोंगरांवरून ओंडके आणि चिखल गावांवर कोसळला, शेकडो माणसे गेली. जानेवारी १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद झाली. लाकडाची भूक मात्र तशीच राहिली. थाई कंपन्यांची आरी सीमा ओलांडून ब्रह्मदेश, लाओस, कंबोडियाच्या जंगलात शिरली. आपल्याकडेही १९९६ नंतर बाहेरच्या लाकडावरची भिस्त वाढतच गेली. कांडल्याच्या बंदरात न्यूझीलंडचे पाइनचे ओंडके उतरतात ते उगाच नाही. दाराची चौकट सागवानीच हवी आणि साग मात्र दुसऱ्याच्या रानातला पडावा, याला मी संवर्धन म्हणणार नाही.

बांबूचे तर उलटेच आहे, तो तोडला नाही तर बिघडतो. गडचिरोलीत बांबूच्या बेटाला रांजी म्हणतात. जुने बांबू काढले नाहीत तर रांजी आतून गच्च होते, पावसाळ्यातले नवे कोंब वेडेवाकडे येतात, वाळलेल्या काड्या साचतात आणि उन्हाळ्यात वणव्याला आयतेच सरपण मिळते. म्हणून जून बांबू काढायचा, कोवळा राखायचा, कंद उकरायचा नाही आणि कोंब येण्याच्या दिवसांत रांजीला हात लावायचा नाही. एवढे पाळले की तोच बांबू वर्षानुवर्षे मिळत राहतो.

‘गावकऱ्यांना दिले तर ते विकून खातील.’ विकतात, आणि त्यात गैर काही नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो देताना वनखाते अडून बसले. बांबू लाकूड की गौण वनोपज, म्हणजे लाकडाव्यतिरिक्त जंगलातून मिळणारी वस्तू, हा वाद. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून चक्क लिहिलेला असूनही परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा.

मला त्याहून बोलके वाटते ते चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टर जंगलावर असाच हक्क मिळाला. बांबू ते तोडतात, विकतात, त्यातून गावाला घरच्या घरी मजुरी मिळते. पण ८५ एकरांचा एक तुकडा त्यांनी राखून ठेवला, तिथे तोड नाही. आणि विडीसाठी लागणारी तेंदूपाने गोळा करणे ग्रामसभेने बंद केले, कारण चांगल्या पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे राहत नाहीत. तेंदू म्हणजे त्या भागातला उन्हाळ्याचा रोकडा पैसा. तो सोडणाऱ्या गावाला ‘विकून खाणारे’ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

सगळीच गावे पाचगाव नाहीत, हे मान्य. पण सगळे वनाधिकारीही काही संत नाहीत. माझा मुद्दा एवढाच, की काय तोडायचे आणि काय राखायचे हे ठरवताना त्या जंगलावर जगणारा माणूस बैठकीत असला पाहिजे.

‘एकाच्या जागी दहा लावा.’ सर्वांत जास्त टाळ्या याच ओळीला मिळतात आणि मला भीती हिचीच वाटते. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने नेमके हेच केले. मिश्र जंगल साफ करून रांगेने साग लावला. मोजणीत झाडे भरली, नकाशावर हिरवा रंग तसाच राहिला. पण मोह, चारोळीचे झाड, तेंदू, बेहडा, हिरडा गेले. गावांनी कुपांना विरोध केला तो बहुतेकदा यासाठी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला एका मोहाच्या बदल्यात सागाची दहा रोपे दिली, तर ती काय वेचणार?