जबडा जिभेने मागे सरकत नाही हो!

परवा फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. वाकडा जबडा म्हणजे निव्वळ दिसण्याचं खूळ, जीभ टाळूला चिकटवून ठेवा, 6 महिन्यांत जबडा जागेवर, ऑपरेशन केलं तर ओठ कायमचे बधिर, आणि शेवटी मन सुंदर हवं वगैरे. एरवी डिलीट करून मोकळी झाले असते, पण ते वाचून ताई भाचीची सर्जनकडची अपॉइंटमेंट पुढे ढकलायला निघाली, मग मात्र डोकं फिरलं.

आधी ते जिभेचं. भाची 19 वर्षांची, खालचा जबडा पुढे आलेला, पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. सफरचंदाचा लचका तोडता येत नाही म्हणून पातळ फोडी करून दाढेत सरकवते. लहान वयात जिभेच्या सवयीने दात पुढेमागे होतात, मान्य. पण हे वाढ पूर्ण झालेलं हाड आहे! ते जिभेने मागे जात असतं तर हाड कापून, सरकवून, टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवायचा खटाटोप कुणी कशाला केला असता? फॉरवर्डमधले आधीचे-नंतरचे फोटो नीट बघा, दुसऱ्यात मान वेगळ्या कोनात आहे आणि वर दाढी वाढवलीय. आणि ऑपरेशनच्या आधी बहुतेकदा वर्षभर तरी ब्रेसेस लावाव्या लागतात, म्हणजे जिभेच्या नादात 6 महिने घालवले की तेवढंच सगळं लांबणार.

दिसण्याचं खूळ म्हणे. 2000 साली ब्रिटनमध्ये सुसान कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी खास अशा पेशंटसाठी 22 प्रश्नांची प्रश्नावली केली, अजूनही वापरतात. त्यात दिसणं आहेच, पण चावायला त्रास होतो का, चारचौघांत खायला नको वाटतं का, जबडा दुखतो का, नवीन माणसासमोर तोंड झाकता का, फोटो काढून घ्यायला नको वाटतं का, हेही आहे. मी वाचत गेले आणि आमचीच पोरगी दिसत गेली. हसताना हात तोंडावर. घरातल्या एकाही ग्रुप फोटोत ती नाही, कारण फोटो काढायला मोबाइल नेहमी तीच घेते.

बधिरपणाचं पूर्ण खोटं नाही. खालच्या ओठाची नस त्याच हाडातून जाते, त्यामुळे ऑपरेशननंतर ओठ-हनुवटी बधिर होणं नेहमीचंच. बहुतेकांना काही महिन्यांत संवेदना परत येते, काहींना थोडा बधिरपणा राहतो. तेव्हा विचारा ना सर्जनला, त्यासाठीच तर अपॉइंटमेंट आहे!

सुंदर मनाबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्याने सफरचंद चावता येत नाही.

अपॉइंटमेंट गुरुवारचीच आहे. भाचीने विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत, नसेचा पहिलाच आहे.