‘आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली’ म्हणणाऱ्यांना

रविवारी सकाळी आत्याचा फोन आला, आवाज रडवेला. “अरे, आपल्या गटावर आरक्षण पडलंय. आता जमीन सरकारची. एक जण घ्यायला तयार आहे, निम्म्या भावात का होईना, देऊन टाकते.” हे ज्ञान व्हॉट्सॲपवरचं. तोच मेसेज तोवर माझ्याही तीन ग्रुपवर फिरून गेला होता: ‘नवीन विकास आराखडा जाहीर! आरक्षण पडलं की जमीन सरकारजमा, मोबदला शून्य. नकाशा छापला म्हणजे फायनल. भाडेकरूंना बोलायचाही हक्क नाही. पिवळ्या पट्ट्यात मात्र बिनधास्त बांधा. जागे व्हा, वेळीच विका!’

‘वेळीच विका’ हे कोण लिहील, ते ओळखायला फार अक्कल लागत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या वाक्यानं होतं, म्हणून आधी तेच घेतो. आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. विकास आराखडा म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा नकाशा; त्यात शाळा, बाग, दवाखाना, रस्ता यांसाठी जागा राखून ठेवतात. तेवढ्यानं सातबाऱ्यावरचं नाव हलत नाही. जमीन प्रत्यक्ष ताब्यात घ्यायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत: आपसात रक्कम ठरवून, रोख पैशाऐवजी एफएसआय (जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, नाहीतर भूसंपादन कायद्याखाली. तिन्हींत मोबदला आहे. ‘शून्य’ कुठून काढलं, देव जाणे.

आणि घेतलीच नाही तर? त्यासाठी कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकानं मालकीच्या कागदांसह नोटीस बजावायची. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि लगतच्या जमिनीला जे करता येतं ते तुम्हालाही करता येतं. आता ‘पावलं’ म्हणजे काय? सभेत ठराव केला, वर एक पत्र धाडलं, झाली पावलं, असा युक्तिवाद व्हायचा. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तो बहुमतानं फेटाळला. नुसता ठराव आणि पत्रव्यवहार चालणार नाही, कायद्याप्रमाणे संपादनाची घोषणा निघाली पाहिजे. मेसेज लिहिणाऱ्यानं हा एक निकाल वाचला असता तर आत्याची एक रात्र तरी झोपेत गेली असती.

अर्धं खरं आहे तेवढं कबूल करतो, नाइलाजानं. आरक्षित जमीन अडकते. तिच्यावर दुसरं काही बांधायला परवानगी मिळत नाही, गिऱ्हाईक भाव पाडतं, आणि १० वर्षं कागदावर जेवढी सोपी दिसतात तेवढी जगताना नसतात. नोटिशीनंतरची मुदतही मूळ कायद्यात ६ महिने होती, मग १२ झाली आणि २०१५ मध्ये २४. सरकारनं आपली सोय बघितलीच. पण अडकलेली जमीन आणि गेलेली जमीन यांच्या भावात फरक असतो, आणि तो फरक एजंटाच्या खिशात जातो.

‘छापला म्हणजे फायनल’ याला फार शब्द घालवत नाही. छापतात तो प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा. त्यावर हरकती-सूचना, मग नियोजन समितीपुढे सुनावणी, मग शासनाची मंजुरी. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यावर एवढी बोंब झाली की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्यानं करायला लावला. मंजुरी मिळाली थेट २०१८ मध्ये. आणि भाडेकरूंचं म्हणाल, तर हरकतीसाठी कलम २८ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं, मालक म्हणत नाही. बंगळूरमध्ये बागेची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. आसपासच्या रहिवाशांनी कोर्टात जाऊन ती वाचवली, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत.

पिवळा पट्टा म्हणजे रहिवासी वापर, बांधकाम परवाना नव्हे. बिनधास्त बांधलंत तर पाडायची नोटीसही बिनधास्त येईल.

सोमवारी आत्याला घेऊन नगररचना विभागात गेलो. मेसेजमधल्या फोटोत तिचा अख्खा गट हिरवा दिसत होता, कारण कुणीतरी भिंतीवरच्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून तो ताणला होता. भाग नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. बागेचं आरक्षण शेजारच्या गटावर. आत्याच्या वाट्याला बांधालगत रस्ता रुंदीकरणाची चिंचोळी पट्टी. चष्मा पुसून तिनं दोनदा पाहिलं. “एवढंच?” म्हणाली, आणि मग लगेच, “पण सगळं आमच्याच बाजूनं का?”

तीच हरकत. साध्या कागदावर गट क्रमांक, काय बदल हवा आणि का, सोबत सातबारा, नोटिशीतल्या मुदतीच्या आत. वकील नाही. दोन प्रती नेल्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घेतला. ती पोच आता देवघरातल्या डब्यात आहे. रुंदी दोन्ही बाजूंनी सारखी घ्या, एवढंच तिचं म्हणणं. मान्य होईलच असं नाही.

जमीन घ्यायला तयार असलेला माणूस मात्र परवा पुन्हा येऊन गेला. या खेपेला भाव वाढवून.